खाऱ्या हवेतली फियाट

पालघर किनाऱ्यावरच्या केळव्यात लोखंड टिकवणं हे बारमाही काम आहे. खिडकीचे गज, विहिरीवरचा पंप, सायकलची रिम, फाटकाची कडी, सगळं दर उन्हाळ्यात खरवडून रंगवावं लागतं आणि तरी दोन पावसाळ्यांत रंगाखालून तांबूस फोड वर येतात. किनाऱ्यावरच्या माणसाला त्याचं नवल वाटत नाही. पण याच हवेत एखादी पन्नास वर्षांची मोटार वाडीतल्या पडवीला उभी असते, तेव्हा तिचं काय होतं याचा विचार फार कोणी करत नाही. मुंबईत नोकरी-धंदा केलेल्या कितीतरी घरांची जुनी गाडी शेवटी गावी येऊन थांबली आहे. वर नारळाच्या झावळ्या, शेजारी केळी आणि पानवेली, आणि पानवेलीला लागणारं रोजचं पाणी. सावली आणि ओल, वेलीला हवं ते सगळं, आणि पत्र्याला नको ते सगळं.

जुन्या मोटारींच्या पुनरुज्जीवनावर जे वाचायला मिळतं ते बहुधा रोल्स-रॉइस आणि राजेरजवाड्यांच्या गाड्यांबद्दल असतं. त्या गाड्या सुंदर आहेत आणि जपल्याही पाहिजेत. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक रस्त्यावर येते, तेव्हा ती बघायला गर्दी लोटते ते योग्यच आहे. पण मला इथे लिहायचं आहे ते मध्यमवर्गाच्या फियाटबद्दल. ती वाचवण्याजोगी आहे आणि पालघर-बोईसरच्या पट्ट्यात वाचवता येण्याजोगीही आहे, असं माझं ठाम मत आहे. फक्त त्यासाठी काय काय करावं लागतं ते आधी नीट कळायला हवं.

ही गाडी आपल्या मातीतली आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी केली. १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने जुळवलेल्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी हातमिळवणी झाली. त्या काळात सरकारचं धोरणही बदलत होतं. परदेशातून सुटे भाग आणून फक्त जुळवणी करणाऱ्यांना दारं बंद होत गेली. जनरल मोटर्सने १९२८ पासून चालवलेला शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद केला, आणि त्याच वर्षी प्रीमियरची फियाट ११०० रस्त्यावर आली. गोल पाठीच्या त्या पहिल्या गाडीला मुंबईकर आजही ‘डुक्कर फियाट’ म्हणतात. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली, १९७२ मध्ये तिचं नाव ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झालं आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’. या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत ती बनत राहिली. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. किमान एक काळी-पिवळी तरी जतन करावी अशी विनंती टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने सरकारला केली होती. त्या विनंतीला यश आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

या लांब कारकिर्दीचा एक मोठा फायदा आज गाडी दुरुस्त करणाऱ्याला मिळतो. १,०८९ सीसीचं तेच चार सिलिंडरचं इंजिन थोड्याफार फरकाने दशकानुदशकं बनत राहिलं. त्यामुळे १९६० च्या दशकातल्या गाडीला लागणारे इंजिनाचे अनेक भाग १९९० च्या दशकातल्या गाडीतून निघतात. मुंबईच्या चोर बाजारात आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चिकाटीने फिरणाऱ्याला ते अजून सापडतात. बाहेरच्या पत्र्याचं मात्र तसं नाही. डुक्कर फियाटचं मडगार्ड डिलाइटला बसत नाही, आणि पत्रा हाच तर आपल्याकडचा खरा प्रश्न आहे.

पत्रा का कुजतो, ते नीट समजून घेऊ. लोखंडाला गंज चढायला हवेतला प्राणवायू आणि पाणी पुरतं. मीठ आलं की तीच क्रिया कितीतरी वेगाने होते, कारण खारं पाणी विजेचं चांगलं वाहक असतं आणि गंजणं ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे. पत्र्याच्या एका बिंदूवर लोखंड विरघळतं, शेजारच्या बिंदूवर प्राणवायू खर्ची पडतो, आणि दोघांच्या मधला प्रवाह मिठाच्या पाण्यातून सहज वाहतो. शिवाय मिठातला क्लोराइड धातूवरचा पातळ संरक्षक थर फोडत राहतो. सगळ्यात घातक गोष्ट वेगळीच आहे. पत्र्यावर बसलेलं मीठ पाऊस नसतानाही ओलं राहतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतूनच पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तर त्याहून पुष्कळ कमी आर्द्रतेतही ओले होतात. केळव्यात वर्षातल्या कितीतरी रात्री आर्द्रता या पातळीच्या वर असते. म्हणजे गाडी कोरड्या पडवीत उभी आहे असं आपल्याला वाटतं, पण तिच्या पोकळ भागांत आतून ओल धरलेली असते.

त्यात गंज मूळ लोखंडापेक्षा निदान दुप्पट जागा व्यापतो, ओलावा धरला तर त्याहूनही जास्त. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून जिथे स्पॉट वेल्डिंग केलेलं असतं, तिथे या फुगण्याने सांधा उसवतो. उसवलेल्या सांध्यात आणखी खारी ओल शिरते.

आता ही गाडी कशी बांधली आहे ते पाहू. जीपला खाली लोखंडी चासी असते आणि वर बॉडी बोल्टने बसवलेली असते. फियाट ११०० ला अशी वेगळी चासी नाही. फ्लोअर, दरवाज्यांखालचे पोकळ पत्रे, खांब, छत हे सगळं मिळूनच गाडीचं वजन पेलतं. दरवाज्यांखालच्या या पोकळ पट्टीला गॅरेजात ‘सिल’ म्हणतात. ती दोन चाकांच्या मधली तुळईच आहे. बाहेरून ती नुसती शोभेची वाटते, म्हणून कुजली की अनेक जण वरून पत्र्याची पट्टी ठोकून, लांबी भरून, रंग मारून मोकळे होतात. गाडी सुंदर दिसते आणि मधून वाकत राहते. डुक्कर फियाटमध्ये तर आणखी एक मेख आहे. तिच्या पुढच्या दरवाज्यांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला आहेत, त्यामुळे एका बाजूचे दोन्ही दरवाजे मधल्या एकाच खांबावर लटकतात. हा खांब खाली सिलमध्ये रोवलेला असतो. सिल कुजली की खांब बसतो, आणि मग दरवाजा लावताना उचलून लावावा लागतो. जुनी फियाट विकत घेण्यापूर्वी तिचा रंग बघू नका, दरवाजा उघडून अर्धा सोडा. तो खाली झुकला तर खर्चाचा आकडा तिथेच कळला असं समजा.

म्हणून पत्रकामाची सुरुवात कापण्याने होत नाही, आधाराने होते. गाडी सपाट जमिनीवर, चारही बाजूंनी सारख्या उंचीच्या घोड्यांवर घेतात. दरवाज्यांच्या पोकळीत आडवे-तिरपे अँगल किंवा पाइप तात्पुरते वेल्ड करतात. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फितीने मापं घेऊन लिहून ठेवतात आणि मगच कुजलेली सिल कापतात. हे आधार न देता दोन्ही सिल एकदम कापल्या तर गाडी काही मिलिमीटर खचते आणि नवा पत्रा त्या खचलेल्या आकारातच कायमचा जोडला जातो. पुढे काच बसत नाही, डिकी लागत नाही, आणि दोष कुठे आहे ते कोणाला सापडत नाही.

कुजका पत्रा किती कापायचा, याचं उत्तर प्रत्येक चांगला डेंटर हातोडीच्या टोकाने ठोकून देतो. सजीव पत्रा वाजतो, मेलेला पत्रा नुसता दबतो. जिथे पत्रा टणक लागतो तिथपर्यंत कापायचं, त्याच्या पुढे नाही. मला वाटतं, पुनरुज्जीवनाचं सगळं शहाणपण या एका मर्यादेत आहे. मूळ पत्र्याचा जितका भाग वाचेल तितका वाचवायचा, कारण कारखान्यातल्या साच्यातून आलेली ती वळणं पुन्हा हाताने तंतोतंत येत नाहीत. कापलेल्या जागी त्याच जाडीचा पत्रा हवा, साधारण वीस गेजचा. जाड पत्रा जास्त मजबूत होईल असं समजून अठरा किंवा सोळा गेजचा लावला की तो वळत नाही, आणि शेजारचा पातळ पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेने आधी जळतो.

वेल्डिंगचीही निवड आहे. जुन्या मिस्त्रींचा हात गॅस वेल्डिंगवर बसलेला असतो, पण त्याची उष्णता दूरवर पसरते आणि सपाट पत्रा पापडासारखा तरंगतो. गॅरेजात ज्याला ‘सीओटू वेल्डिंग’ म्हणतात ते पातळ पत्र्याला जास्त योग्य. तेही सलग रेघ ओढून करायचं नसतं. एक ठिपका इथे, दुसरा वीतभर दूर, मग पहिल्याच्या शेजारी, असं थंड होऊ देत जावं लागतं. एका सिलला दिवस जातात. घाई करणाऱ्याला हे काम देऊच नये.

त्यानंतर येते ठोकाई. मागून लोखंडी ठोकळा धरायचा, पुढून हलकी हातोडी मारायची, आणि पत्रा ताणला गेला असेल तर नाण्याएवढी जागा लाल तापवून ओल्या फडक्याने थंड करायची, म्हणजे पत्रा आकसतो. डोळ्यापेक्षा हाताच्या तळव्यावर जास्त भरवसा ठेवणारं हे काम आहे. डोळे मिटून मडगार्डवरून हात फिरवणारे आणि अर्ध्या मिलिमीटरचा खड्डा सांगणारे कारागीर अजून आहेत. पूर्वी उरलेले खड्डे शिशाच्या मिश्रधातूने भरत. आज लांबी भरतात, आणि लांबीत वाईट काही नाही, जोवर ती मिलिमीटरभर आहे. बोटभर लांबी म्हणजे खाली पत्रकाम झालेलंच नाही. लांबी ओल शोषते आणि खालचा पत्रा आतून खाते. साधं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून गाडीवर फिरवलं की कुठे पत्रा आहे आणि कुठे नुसती लांबी, ते कळतं.

जुना रंग काढायला सँड ब्लास्टिंगचा मोह होतो, आणि चाकं, पाटे, ब्रेकड्रम अशा जाड भागांना ते उत्तमच. बोनेट, छत, दरवाजा यांवर मात्र वाळूचा जोराचा मारा केला की पत्रा ताणला जाऊन कायमचा वेडावाकडा होतो. तिथे रिमूव्हर लावून खरवडणंच बरं. आणि उघडा झालेला पत्रा केळव्यात रात्रभर तसाच ठेवता येत नाही. सकाळी त्याच्यावर पिवळसर झाक आलेली असते. एका दिवसात जितका पत्रा उघडाल तितक्यालाच त्या दिवशी इपॉक्सी प्रायमर लावून झाकायचं, हा किनाऱ्यावरचा पक्का नियम. सिलच्या पोकळीत मेण मिसळलेलं तेल फवारायचं, आणि सिल व दरवाज्यांच्या तळाशी कारखान्याने ठेवलेली पाणी निघायची भोकं मोकळी ठेवायची. वेल्डिंग करताना ही भोकं बुजवणं हा सर्रास दिसणारा अपराध आहे.

रंगाबद्दल थोडं. १९२३ मध्ये अमेरिकेच्या ड्युपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजचा ‘ड्युको’ रंग मोटारींसाठी आणला. त्याआधी वार्निशाचे थर वाळायला आठवडे लागत. ड्युको काही तासांत वाळू लागला आणि मोटारी रंगीत झाल्या. आपल्याकडे जुन्या पेंटरच्या तोंडी गाडीचा कुठलाही रंग म्हणजे ड्युकोच. त्याची चमक खोल आणि मऊ असते, पॉलिशने ती पुन्हा उजळता येते, पण उन्हात तो लवकर उडतो. दमट दिवसात मारला तर हवेतला ओलावा त्याच्यावर बसतो आणि दुधट पांढरट साय धरते. आजचा पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग किनाऱ्यावर जास्त टिकतो, म्हणून रोज फिरणाऱ्या गाडीला तोच द्यावा असं मी म्हणेन. मात्र पीयूच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला कायमची इजा करू शकतं. नाकाला रुमाल बांधून ते फवारणं म्हणजे पेंटरच्या जिवाशी खेळ आहे. गाडीच्या मालकाने बूथ आणि योग्य मास्क असलेल्या ठिकाणीच काम द्यावं आणि त्याचे जास्तीचे पैसे आनंदाने द्यावेत. जून ते सप्टेंबर आपल्याकडे रंगाचं काम काढूच नये.

बंपर, ग्रिल, हँडल यांच्या चकाकीत क्रोमचा वाटा नावापुरता असतो. तो थर मायक्रॉनच्याही काही अंशाचा. खरी चमक आणि संरक्षण खालच्या तांबं-निकेलच्या थरांचं. म्हणून स्वस्तात ‘क्रोम करून देतो’ म्हणणाऱ्याला आधी निकेल किती जाड देणार ते विचारा. या कामाचं सांडपाणी फार विषारी असतं. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्यांना सांडपाण्याचं मोल सांगायला नको. परवाना असलेल्या युनिटमध्येच काम टाका.

इंजिनाकडे वळताना मन हलकं होतं, कारण हे इंजिन दयाळू आहे. ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, बिडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड, सुमारे चाळीस अश्वशक्ती. वर्षानुवर्षं बंद पडलेलं इंजिन बहुधा जाम झालेलं असतं. तेव्हा बॅटरी जोडून सेल मारण्याचा मोह टाळा. चारही प्लग काढा, सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं पातळ तेल सोडा, दोन-चार दिवस थांबा आणि मग पान्याने हलक्या हाताने क्रँक हलवून बघा. जोर केला तर रिंग तुटते किंवा सिलिंडरला ओरखडा पडतो. सिलिंडर झिजलेले असतील तर बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन घालता येतात. बोईसरच्या एमआयडीसीच्या आसपास लेथ आणि मशीनिंगची कामं करणारे जे कारागीर आहेत, त्यांच्या हाताला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची सवय असते. पंपाचा शाफ्ट बनवणारा माणूस फियाटचं बुशही बनवून देतो, फक्त जुना नमुना नीट ठेवलेला हवा.

इंजिनाला आपल्याकडे खरी भीती पाण्याची. बिडाचा ब्लॉक आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड यांच्यामध्ये खारं पाणी खेळलं की त्या दोन धातूंची जणू बॅटरीच तयार होते आणि हेड कुरतडलं जातं. किनाऱ्याजवळच्या बोअरवेलचं पाणी अनेक ठिकाणी मचूळ असतं. तेच रेडिएटरमध्ये ओतलं जातं, आणि मग हेडचं पॅकिंग पुन्हा पुन्हा उडतं. मिस्त्रीला दोष दिला जातो, दोष पाण्याचा असतो. डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक कूलंट, एवढंच याचं औषध.

दुसरी नवी काळजी पेट्रोलची. २०२५ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सर्रास मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा त्याने मऊ होतो किंवा चिरतो. जुन्या गाडीत पेट्रोलची गळती म्हणजे आगीला निमंत्रण. इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्या, नवा पडदा आणि कार्ब्युरेटरचं नवं पॅकिंग, हे पुनरुज्जीवनाच्या यादीत पहिल्या पानावर हवं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल शिल्लक ठेवू नये. पूर्वीच्या शिसेयुक्त पेट्रोलमधलं शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला झिजण्यापासून वाचवत असे. २००० सालापासून देशभर ते बंद झालं, म्हणून हेड उतरवलंच आहे तर कडक धातूच्या सीट बसवून घ्याव्यात.

ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. ब्रेक ऑइलही ओलावा ओढतं, त्यामुळे उभ्या गाडीच्या व्हील सिलिंडरला आतून खड्डे पडलेले असतात. नुसती वॉशर किट बदलून भागत नाही. वायरिंगमध्ये बहुतेक भुतं अर्थिंगची असतात. हिरवट पडलेली टोकं साफ करून प्रत्येक अर्थ उघड्या, चकाकत्या पत्र्यावर घट्ट बसवला की मिणमिणते दिवे पुन्हा लख्ख होतात.

आता बदलांचा, म्हणजे ज्याला कस्टमायझेशन म्हणतात त्याचा प्रश्न. महाराष्ट्रात ही हौस नवी नाही. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने १९९० च्या दशकात गाड्यांचं रूप पार पालटून दाखवलं, आणि त्या पिढीतल्या कितीतरी मुलांना मोटार ही आकार देण्याची गोष्ट आहे हे त्यातून पहिल्यांदा जाणवलं. नव्या गाडीवर असे प्रयोग झाले तर मला काही म्हणायचं नाही. पन्नास वर्षांच्या फियाटचं छत कापून ती उघडी करणं किंवा तिच्यात दुप्पट ताकदीचं इंजिन कोंबणं मात्र मला पटत नाही. वर सांगितलंच आहे की छत आणि सिल मिळून ही गाडी उभी आहे. छत कापलं की तिचा कणाच गेला. कायद्याचीही त्याला मान्यता नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची आधी परवानगी आणि आरसीवर नोंद लागते.

तरी काही बदल मी आवर्जून सुचवेन. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, हेडलाइटला रिले, सीटबेल्ट, चांगले टायर. हे सगळे बदल बोल्टने बसतात आणि बोल्टने निघतात. काढलेले मूळ भाग ग्रीस लावून, कागदात गुंडाळून, नावाची चिठ्ठी लावून पेटीत ठेवायचे. पुढच्या मालकाला गाडी पुन्हा होती तशी करायची असेल तर करता आली पाहिजे. जगभरच्या जुन्या वाहनांच्या संघटनांचा महासंघ, फिव्हा, १९६६ पासून काम करतो आहे. त्याने स्वीकारलेल्या तुरीन सनदेचाही भर यावरच आहे: कमीत कमी हस्तक्षेप, केलेल्या कामाची नोंद, आणि शक्यतो मागे फिरता येईल असा बदल.

नोंदीचं काम स्वस्त आहे आणि तेच सगळ्यात जास्त टाळलं जातं. गाडी खोलण्यापूर्वी प्रत्येक कोपऱ्याचे फोटो, प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर जागा आणि तारीख. फियाट खोलायला आठवडा पुरतो. जोडायला वर्ष लागू शकतं, आणि तोवर कुठला स्क्रू कुठला हे कोणाच्याही लक्षात राहत नाही. कामगाराच्या हलगर्जीपणापेक्षा या नोंदी नसल्यामुळेच अर्धवट सोडलेल्या गाड्या गॅरेजांच्या मागे पडून राहतात.

या नोंदींच्याही आधी कागदपत्रं. आरसी कोणाच्या नावावर आहे, चासी आणि इंजिन नंबर जुळतात का, वारसांची संमती आहे का, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर लागतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरं असलेला वेगळा क्रमांक मिळतो. त्याचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. मूळ रूपाची ही अट वाचली की छत न कापण्याचं आणखी एक कारण हातात येतं.

राहिला माणसांचा प्रश्न, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. आज कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दरवाजा चेपला तर दरवाजा बदलतात. त्यामुळे पत्रा ठोकून सरळ करणारा हात नव्या पिढीत तयार होत नाही. आयटीआयमध्ये शीट मेटल वर्करचा ट्रेड आहे, मेकॅनिक मोटार व्हेइकलचा आहे, ऑटो बॉडी रिपेअरचाही अभ्यासक्रम आहे. पालघर-बोईसरच्या मुलांना तिथे पाया मिळतो. पुढचं शिक्षण म्हातारा मिस्त्री शेजारी उभं करून देतो, तेव्हाच मिळतं. मालकांनी गाडी दुरुस्तीला देताना एक अट घालावी: मिस्त्रीबरोबर एक शिकाऊ मुलगा किंवा मुलगी असेल आणि त्यांची मजुरी मी वेगळी देईन. एका फियाटच्या वर्षभराच्या कामात एक कारागीर तयार होऊ शकतो.

गाडी तयार झाल्यावर तिला पुन्हा त्याच ओल्या पडवीत नेऊन झाकू नका. ताडपत्री घट्ट बांधली की आत वाफ कोंडते. त्यापेक्षा वारा खेळता राहणारं सुती आवरण, खाली सिमेंटची कोरडी जमीन आणि पानवेलीच्या पाटापासून लांबची जागा निवडा. दर पंधरवड्याला इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत गाडी चालवा. पाच मिनिटं जागेवर सुरू करून बंद केली तर सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि तो आतून कुजतो. केळव्याच्या पुळणीवर तिला कधीच उतरवू नका. चुकून खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडालेच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने तिचा तळ धुवा, चाकांच्या वरच्या कमानीही.

१९७४ मध्ये पद्मिनी या नावाने नोंदलेल्या पहिल्या गाड्यांनी पन्नाशी ओलांडली आहे. तुमच्या वाडीत अशी एखादी उभी असेल, तर ती भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा तिची आरसी शोधा, तिचा दरवाजा अर्धा उघडून सोडा, आणि पावसाळा सुरू व्हायच्या आत एखाद्या जाणत्या डेंटरला बोलावून तिच्या सिल ठोकून घ्या.